दिव्यांगांच्या संस्थेत नोकरी धरताय? जॉइन व्हायच्या आधी काय विचारायचं आणि नंतर कसं टिकायचं

सांगली-मिरजेत स्पेशल बी.एड., डी.एड. झालेल्या पोरींचे, फिजिओवाल्यांचे, एमएसडब्ल्यू झालेल्या मुलांचे सारखे फोन येतात, ताई अमुक संस्थेत जागा निघालीय, जाऊ का? आता जा किंवा नको जाऊ असं फोनवर कसं सांगणार, संस्थे-संस्थेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी याच कामात आहे, विशेष शिक्षिका म्हणून लागले, मग होस्टेल बघितलं, ऑफिस बघितलं, आता निम्मी कागदपत्रांची कामंच माझ्या गळ्यात असतात.

पहिली गोष्ट. मुलाखतीत "आमच्याकडे नोकरी नसते, सेवा असते" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ऐकून घ्या, मान डोलवा, आणि मग तीन प्रश्न विचारा: पगार किती आणि कधी होतो, ड्यूटी किती तासांची, आणि एका मावशीकडे, म्हणजे मुलांचं खाणंपिणं-अंघोळ बघणाऱ्या काळजीवाहक बाईकडे, किती मुलं. सेवाभाव असतोच हो, नसता तर या कामाकडे फिरकलं कोण असतं, पण सेवाभावानं रात्रपाळीला दुसरी मावशी येत नाही. ती पगार दिल्यावरच येते.

आधी पैसा कुठनं येतो ते बघा

बाहेरून सगळ्या संस्था सारख्याच दिसतात. गेटवर बोर्ड, आत संस्थापकांचा फोटो, व्हरांड्यात दोन मोडक्या व्हीलचेअर. फरक पैशात असतो. अनुदानित विशेष शाळा असेल तर पगार सरकारकडून येतो, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्यातनं फाइल फिरते, वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय, आणि डिसेंबर २०२२ पासून तर राज्यात दिव्यांग कल्याण हे वेगळं खातंच झालंय. या ठिकाणी पगार मागंपुढं झाला तरी बुडत नाही. पण प्रश्न असा विचारायचा की पद मंजूर आहे का, आणि तुमच्या नावाला सरकारची मान्यता मिळणार का. "मान्यता येईलच, तोवर मानधनावर या" असं म्हणाले की त्या "येईलच"ला काही मुदत नाही हे लक्षात घ्या, त्या एका शब्दावर लोकांची उमेदीची वर्षं गेलीत. आणि जागेसाठी पैसे मागितले तर सरळ उठून या, घरचे म्हणतील कर्ज काढू, तरी नको. मान्यता अडकली की ते पैसे परत मागायला तुमच्याकडे ना पावती ना साक्षीदार.

विनाअनुदानित संस्था देणग्यांवर आणि फीवर चालते. पालकांनीच मिळून काढलेल्या संस्था असतात, त्या साधारण प्रामाणिक असतात पण तिथं प्रत्येक पालक तुमचा साहेब असतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे प्रोजेक्टवाल्या, कंपन्यांच्या सीएसआरच्या पैशावर. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातला २ टक्के भाग समाजकामावर खर्च करावा लागतो, त्यातनं वर्षा-दोन वर्षांचे प्रोजेक्ट निघतात. पगार बरा असतो, कधी कधी अनुदानितपेक्षा वेळेवर असतो, पण ३१ मार्च आला की सगळ्यांच्या पोटात गोळा. प्रोजेक्ट कधी संपतो ते नेमणुकीच्या ऑर्डरवर लिहून घ्या.

दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच तसं आहे. ते सर्टिफिकेट बहुतेक ऑफिसात फ्रेम करून लावलेलं असतं, चहा पिता पिता त्याची मुदत वाचून घ्यायची. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर असतो. हे विचारल्यावर कुणी चिडलं तर तेवढ्यावरनंच काय ते समजा.

मुलाखतीला दुपारी जा

शक्य असेल तर साडेबारा-एकला जा, म्हणजे मुलांच्या जेवणाच्या वेळेला. ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला किंवा स्नेहसंमेलनाला बघितलेली संस्था आणि मंगळवारी दुपारची संस्था यात लई फरक असतो. ऑफिसात बसवून ठेवतील, तर पाणी पिऊन येते म्हणून उठा आणि जेवणाच्या हॉलकडं एक चक्कर मारा. मुलांना नावानं हाक मारतात का, "ए वेड्या" म्हणतात का, बाथरूमचा दरवाजा व्हीलचेअर आत जाईल एवढा आहे का, आतून कडी लागते का, व्हीलचेअरच्या टायरमध्ये हवा आहे का. हवा नसेल तर ती खुर्ची नुसती फोटोसाठी आहे. आणि निघताना एखाद्या मावशीला सहज विचारा, किती वर्षं झाली इथं? सगळा स्टाफ सहा महिन्यांच्या आतला असेल तर कारण असणारच.

अजून एक मी आवर्जून बघते ते म्हणजे संस्थेत दिव्यांग माणसं नोकरीला किती आणि कुठल्या जागेवर. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षणासाठी मोर्चे काढायचे आणि आपल्या ऑफिसात एकही दिव्यांग क्लार्क नाही, अकाउंट्स वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, असं बघितलंय. टेलिफोनवर एक अंध मुलगा बसवला म्हणजे झालं असं नाही. जिथं दिव्यांग सहकारी निर्णयाच्या जागेवर आहेत तिथं बाकीच्या गोष्टीही आपोआप बऱ्या सापडतात, हा माझा तरी अनुभव.

कागद

ऑर्डर लेखी घ्या, त्यावर पगाराचा आकडा, कामाचं नाव, सुट्ट्या. काळजीवाहक म्हणून घेऊन स्वयंपाक, गाडीवर हेल्पर, बागेला पाणी, सगळं करायला लावतात, म्हणून कामाचं नाव लिहिलेलं असलेलं बरं. पगार बँकेतच घ्यायचा. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, किंवा बँकेत पूर्ण जमा आणि दोन दिवसांनी "संस्थेसाठी" म्हणून रोख परत, हे प्रकार होतात, आणि एकदा तुम्ही सही केली की पुढं कुठंही बोलायची सोय राहत नाही.

२० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागतो, १० किंवा जास्त असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. संस्था धर्मादाय आहे म्हणून पीएफ लागू नाही असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. पीएफ कापतात पण भरतात का हे उमंग ॲपवर दर महिन्याला बघा, दोन मिनिटांचं काम आहे. १० किंवा जास्त स्टाफ असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती पाहिजे, २०१३ चा कायदा आहे. समितीतल्या बायकांची नावं भिंतीवर लावलेली असली पाहिजेत, नसतील तर जॉइन झाल्यावर विचारा, मुलाखतीत नको.

शिकवण्याच्या किंवा थेरपीच्या जागेवर असाल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) सीआरआर नंबर, म्हणजे तुमची व्यावसायिक नोंदणी, चालू ठेवा, नूतनीकरणाला सीआरईचे, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या कार्यशाळांचे, पॉइंट लागतात आणि ते शेवटच्या वर्षी गोळा करायला गेलात की धावपळ होते. संस्थेनं वर्षाला एक-दोन सीआरईला पगारी रजा देऊन पाठवावं हे सुरुवातीलाच बोलून घ्या.

पहिले पंधरा दिवस

ट्रेनिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी "त्या मावशींबरोबर राहा" एवढंच. तर मग खरोखर राहा. मावशींना जे माहीत असतं ते फाइलमध्ये नसतं, कुणाला उजव्या कुशीवर झोपवलं की रडतो, कुणाला दूध चालत नाही, कुणाची आई महिन्याच्या पहिल्या रविवारी आली नाही तर सोमवारी काय होतं. एक खिशातली वही ठेवा आणि लिहीत जा.

भरवणं सगळ्यात आधी शिका, त्यात जीव जाऊ शकतो म्हणून. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला सरळ बसवायचं, मान मागं पडू द्यायची नाही, हनुवटी किंचित खाली, आणि तुम्ही त्याच्या समोर त्याच्याच उंचीवर बसायचं. उभं राहून भरवलं की मूल मान वर करून बघतं आणि घास श्वासनलिकेत जायची भीती. अर्धा चमचा, गिळलं का बघायचं, मग पुढचा. पाण्यासारख्या पातळ आमटीनं जास्त ठसका लागतो, मऊ घट्टसर भात बरा. काय घट्ट काय पातळ हे ज्याच्या-त्याच्या बाबतीत थेरपिस्टला विचारून भिंतीवर लिहून ठेवायचं. असं नीट भरवायला एका मुलाला अर्धा तास लागतो. आता एका मावशीकडं अशी सहा मुलं द्या आणि जेवणाची सुट्टी एक तासाची ठेवा. काय होणार? आडवं झोपवून पटापट घास. मावशी वाईट नसते, गणितच तसं मांडलेलं असतं. म्हणून तो मुलाखतीतला तिसरा प्रश्न.

फिट आली तर पहिलं घड्याळ बघा, आपल्याकडं लोक पहिलं चप्पल शोधतात. चप्पल नको, कांदा नको, तोंडात चमचा नको, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं टेबल-खुर्ची बाजूला, कॉलर सैल, एका कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक संपून शुद्धीवर यायच्या आतच दुसरी आली, तर १०८ ला फोन. किती वाजता सुरू, किती वेळ, कुठल्या बाजूचा हात आधी, हे लिहा, डॉक्टर तेच विचारतात आणि कुणालाच सांगता येत नाही. नव्या स्वयंपाकीणबाई, वॉचमनमामा, ड्रायव्हर, सगळ्यांना हे शिकवायचं, कारण फिट काही शिक्षकाच्या तासालाच येते असं नाही.

उचलायचं असेल तर दोघांनी. व्हीलचेअरचा ब्रेक लावलेला, पायाच्या पट्ट्या वर केलेल्या, आपण गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही, आणि बगलेत हात घालून खेचायचं नाही, खांदा निखळतो. मूल आठ वर्षांचं होतं तेव्हा कडेवर घेत होतात म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला पण एकट्यानं उचलायला जाल तर तुमची कंबर गेली म्हणून समजा. या क्षेत्रातल्या बायकांना चाळिशीत कंबरदुखी नाही असं क्वचित सापडेल. मणक्याला इजा झालेली माणसं असतील तर त्यांना स्पर्श कळत नाही, एकाच जागी बसून बेडसोअर (दाबानं होणाऱ्या जखमा) होतात, पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत असतील तर त्याहून लवकर-लवकर वजन हलवायचं. रात्री दोन वाजता आणि चार वाजता कूस कोण बदलतं हे रजिस्टरला असतं का ते बघा. सहीची सगळी घरं एकाच पेननं, एकाच वेळी भरलेली असली तर ते रजिस्टर सकाळी चहाबरोबर भरलंय हे कुणालाही कळतं.

अंध सहकाऱ्याला हाताला धरून ओढायचं नाही, आपला कोपर पुढं करायचा, ते धरतात. कर्णबधिर मुलांबरोबर काम असेल तर खुणांची भाषा नीट शिका, हातवारे म्हणजे सांकेतिक भाषा नाही, दिल्लीच्या सरकारी केंद्राचा १० हजार शब्दांचा भारतीय सांकेतिक भाषेचा कोश ऑनलाइन फुकट आहे, पण खरं शिकायचं ते मोठ्या मुलांकडनंच, ती हसत हसत शिकवतात.

"वागणूक खराब आहे" असं लिहायच्या आधी

मूल चावतं, मारतं, ताट फेकतं, डोकं आपटतं. रजिस्टरला लगेच "वर्तन समस्या" असं लिहून टाकतात. त्याच्या आधी कान बघा, दात बघा, पोट साफ झालंय का बघा, ज्याला बोलता येत नाही तो दुखतंय हे असंच सांगणार. दुखत नसेल तर मग तीन रकान्यांत लिहायचं: आधी काय झालं, मग त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. आठवडाभर लिहिलं की बहुतेक वेळा उत्तर समोर येतं.

एका संस्थेतला ऑटिझमचा मुलगा अचानक बाथरूमला जायचाच बंद झाला, दारात बसून किंचाळायचा, कपड्यात व्हायचं, रोज बोलणी खायचा. घरी काही झालं का, कुणी मारलं का, सगळी चौकशी झाली. शेवटी तारखा लावून बघितल्या तेव्हा कळलं की एका देणगीदारांनी बाथरूमला नव्या फरशा बसवून दिल्यावरच हे सुरू झालंय. चकचकीत निळी फरशी, वर ट्यूबलाइट, त्याला ते पाणी वाटत असणार, खोल. मावशींनी दारापासनं भांड्यापर्यंत एक जुनं पोतं अंथरलं. पहिल्या दिवशी पोत्याच्या कडेला उभा राहिला, दुसऱ्या दिवशी गेला. महिनाभरानं पोतं हळूहळू दुमडत आणलं. देणगीदार बघायला आले तेव्हा पोतं बघून नाराज झाले, तो भाग वेगळा.

गणपतीत पण हेच. ढोल, डीजे, फटाके, मिरजेची विसर्जन मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या आठवड्यात मुलं झोपत नाहीत, फिटा वाढतात, मग स्टाफची रजा त्याच आठवड्यात देऊ नका असं ऑफिसला आधीच सांगून ठेवा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना गेटवर जाऊन गोड बोलून सांगा, संस्थेसमोर दोन मिनिटं आवाज बंद ठेवा दादा, बहुतेक ऐकतात.

सिव्हिल, तहसील, बँक

तुमची नोकरी कुठलीही असली तरी पालक तुम्हाला सर्टिफिकेटचं विचारणारच. कायद्यात आता २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ च होते. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा वर लागतं. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर, मग सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी. जत-आटपाडीकडची आई पहाटेची एसटी धरून, दिवसाची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन सांगलीला येते आणि आधार कार्डावर नावाचं एक अक्षर वेगळं म्हणून परत जाते, हे बघवत नाही. म्हणून बोलवायच्या आधी आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड यातलं नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्या. कानाची तपासणी लागणार असेल, आयक्यू टेस्ट लागणार असेल तर तो डॉक्टर त्या दिवशी आहे का हे फोन करून विचारा. जुने सगळे रिपोर्ट एका फाइलला, झेरॉक्सचे दोन सेट, आणि मुलाचं खाणं बरोबर.

कार्ड हातात आल्यावर पुढची कामं. एसटीत ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट. तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये महिन्याला दीड हजाराचे अडीच हजार केलेत. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसेवकांना तोंडी विचारलं तर "निधी नाही" म्हणतात, लेखी अर्ज देऊन पोच घेतली की निधी सापडतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी निरामय विमा आहे, १ लाखापर्यंत, थेरपीचा आणि ओपीडीचा खर्चही बसतो, पण पैसे आधी आपण भरायचे आणि मग बिलं लावायची, म्हणून पालकांना एक प्लॅस्टिकची पिशवी द्या आणि सांगा औषधाची प्रत्येक चिठ्ठी यातच टाका.

आणि मूल अठराचं व्हायच्या आधी एक गोष्ट पालकांच्या कानावर घाला. अठरानंतर आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, वरच्या चार प्रकारांत कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. हे लोकांना बँकेत खातं अडकल्यावर कळतं.

पालक

पालकांना कधीही "होईल हो नीट" म्हणू नका. त्यांना बरं वाटावं म्हणून आपण बोलून जातो आणि त्या एका वाक्यावर ती आई तीन वर्षं गाडी धरून येत राहते. त्यापेक्षा "दिवाळीपर्यंत चमचा स्वतः धरायला शिकवू या" हे सांगा. कुणी देवऋष्याकडं नेत असेल, अंगारा लावत असेल तर हसू नका, फक्त फिटची गोळी बंद करायची नाही एवढंच पक्कं सांगा, गोळी चालू ठेवून अंगारा लावा म्हणावं. बापाला पण बोलवा मीटिंगला, नुसत्या आयांनाच बोलवून सगळं त्यांच्याच डोक्यावर टाकतो आपण.

पर्सनल नंबर द्यायचा की नाही हा ज्याचा-त्याचा प्रश्न. माझं मत, द्या, पण रात्री नऊनंतर संस्थेच्या नंबरवर फोन करायचा हे पहिल्याच दिवशी सांगा.

वाढदिवसवाले

हा विषय कुठल्या ट्रेनिंगमध्ये नसतो. आपल्याकडं वाढदिवस, वर्षश्राद्ध, लग्नाचा पंचविसावा, सगळ्याला लोक संस्थेत जेवण द्यायला येतात. मन चांगलंच असतं. पण एका आठवड्यात चार वेळा जिलेबी, मुलांना रांगेत उभं करून पाहुण्यांच्या हातनं केक भरवायचा, मग फोटो, मग स्टेटस. ज्याला गिळायला त्रास त्याच्या तोंडात केक कोंबलेला बघितलाय मी, हसत हसत, कौतुकानं. हे थांबवायचं काम खालच्या स्टाफवरच येतं, कारण वरचे लोक देणगीदाराला नाही म्हणत नाहीत. त्यामुळं ऑफिसकडनं एक छापील पान करून घ्या: काय चालतं, काय चालत नाही, भरवायचं नाही, मुलांच्या चेहऱ्याचे फोटो नाहीत, तारीख आधी कळवायची. आणि त्याच पानावर काय पाहिजे ते पण लिहा. मोठ्या मापाचे डायपर, फिनेल, फिटच्या गोळ्या, बेडशीट, व्हीलचेअरची ट्यूब. तुम्हाला खरं सांगते, महिन्याच्या डायपरचा खर्च एकदा आकड्यात दाखवला की निम्मे लोक जिलेबी सोडून डायपर आणतात. त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

जिथं गप्प बसायचं नाही

अंघोळ-कपडे बदलणं मुलींचं बाईनंच, मुलांचं शक्यतो पुरुष मदतनीसानं, एकट्यानं बंद खोलीत कुणीही नाही, पाहुणा तर नाहीच. अंगावर वळ, भाजल्याची खूण, अचानक घाबरणं दिसलं तर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहा. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पॉक्सोप्रमाणे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांसाठीच्या कायद्याप्रमाणे, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कळून न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि "संस्थेचं नाव खराब होईल, आत मिटवू" असं सांगणारा माणूस तुम्हालाच त्यात अडकवतोय. १०९८ चाइल्डलाइन चोवीस तास. मोठ्या माणसांवरचा अत्याचार, उपाशी ठेवणं, हे २०१६ च्या कायद्यात येतं, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तसंच रिपोर्टचं. लाभार्थी ६० आणि कागदावर १४०, असं करायला सांगितलं तर सही करू नका. साहित्य वाटपाच्या शिबिरात तीनचाकी ज्याला हात चालत नाहीत त्याला देऊन फोटो काढला तर तो आकडा फक्त रिपोर्टचा. माप घेऊन, तो वापरणार कुठं, घरापुढं चिखल आहे का बघून दिलेली एक खुर्ची बरी.

पावसाळा

सांगलीत नदीकाठी संस्था असेल तर हे वेगळं लिहायलाच पाहिजे. २००५, २०१९, २०२१ चे महापूर सगळ्यांना आठवतायत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला गेलं की इशारा, ४५ ला धोका. धडधाकट माणसं ४५ ला निघतात, आपल्याला ४० च्या आधीच निघायला लागतं, कारण व्हीलचेअर बोटीत चढत नाही आणि ऑटिझमचा मुलगा अंधारात अनोळखी माणसाबरोबर बोटीत बसत नाही. जूनमध्येच यादी करा, कोण चालतो, कोणाला उचलायचं, कोणाला कुठली गोळी. गोळ्यांचा पंधरा दिवसांचा साठा, सर्टिफिकेटं प्लॅस्टिकमध्ये वरच्या मजल्यावर, पालकांचे दोन-दोन नंबर कागदावर लिहून, मोबाइल बंद पडतो. कुठल्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात जायचं ते आधी ठरवा आणि तिथलं बाथरूम बघून या. ड्यूटी कुणाची हे पण आधीच ठरवा, कारण पूर आला की स्टाफच्या स्वतःच्या घरात पण पाणी असतं.

सोडायची वेळ आली तर

कधी ना कधी सोडावंसं वाटतं, पगारासाठी, लग्न झालं म्हणून, कंबरेसाठी, किंवा नुसतं थकून. "मुलांचं काय होईल" असं म्हणून अडवतात, त्याला उत्तर द्यायची गरज नाही, नोटीस लेखी द्या आणि पोच घ्या. अनुभवाचा दाखला शेवटच्या पगाराच्या आधीच मागा, नंतर साहेब भेटत नाहीत. पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा.

मुलांना मात्र गुपचूप सोडून जाऊ नका. कॅलेंडरवर दिवस खोडत दाखवा, ज्याला तारीख कळत नाही त्याला तुमचा फोटो आणि नव्या ताईंचा फोटो शेजारी लावून रोज दाखवा. आणि तुमच्या त्या खिशातल्या वहीतनं प्रत्येक मुलाचं एकेक पान नव्या माणसासाठी लिहून द्या: काय खातो, कसं उचलायचं, कशाला घाबरतो, काय केलं की शांत होतो, गोळी कुठली, आईला कधी फोन लागतो. शेवटचे दोन-तीन दिवस नवीन माणूस तुमच्याबरोबर ड्यूटीवर राहील असं ऑफिसकडून लिहून घ्या. त्या दिवसांचा दोघांचा पगार द्यायला थोडी कुरकुर होईल, तरी मागाच.